मामाच्या हातचे अनार

आमच्या माहेरी लग्नात नवरदेवाला मांडवात घ्यायचा मान मुलीच्या मामाचा असतो. ओवाळणं, पाय धुणं सगळं नंतर. आधी मामाने दाराच्या दोन बाजूंना मातीचा एकेक अनार, म्हणजे भुईनळा, ठेवायचा, स्वतःच्या हाताने पेटवायचा, आणि दोन्ही अनार पुरते विझेपर्यंत नवरदेवाने बाहेर उभं राहायचं. अनार घरी भरलेलेच पाहिजेत. विकतचे आणले तर बाया वर्षभर नावं ठेवायच्या. ही चाल मी दुसऱ्या कुठल्या घरी पाहिलेली नाही. आमच्यात ती कशी आली तेही कोणाला सांगता येत नाही. आजोबांच्या आधीपासून आहे, एवढंच.

माहेर अंजनगाव सुर्जीचं. घरची फुलशेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. वर्षभर ओल्या कामात हात असलेली माणसं दसरा झाला की काही दिवस कोरड्या कामाला लागायची. तुराट्या परसात वाळलेल्याच असत. बाबा त्या खड्ड्यात पेटवून वरून माती लोटायचे, आणि निघालेला हलका कोळसा आई पाट्यावर वाटायची. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा, कोळसा जड पडतो, असं बाबांचं म्हणणं, म्हणून तो चालत नसे. सोरा आणि गंधक गावातल्या दुकानातून यायचं. लोखंडाचा कीस लोहाराकडून. त्याला जंग चढू नये म्हणून जवसाच्या तेलाचा हात लावून ठेवायचा. कुंभार कोरे अनार टोपलीभर आणून द्यायचा, लहान कांद्याएवढे, बुडाशी उघडे आणि टोकाला बारीक भोक. आम्ही पोरं त्यात दारू ठासायचो आणि बूड चिकणमातीने लिंपायचो. हात काळे, नाक काळं, आणि जेवायला बसलं की भाकरीलाही गंधकाचा वास. आई म्हणायची, "खा गुपचूप. पोटातले जंत मरतीन."

आज हे कोणी घरी करतो म्हणालं तर मीच त्याला दोन शब्द सुनावीन. परवाना लागतो, आणि लागायलाच पाहिजे. तेव्हाही लागत असेल. कोणी विचारलं नाही आणि आमचं घर जळलं नाही, यात शहाणपणापेक्षा नशिबाचा भाग जास्त. पण एका बाबतीत बाबा फार कडक होते. ओल लागलेला अनार परत वाळवून पेटवायचा नाही. तो वर जात नाही, फुटतो. त्यांच्या उजव्या तळहातावर एक गुळगुळीत, चकाकणारा डाग होता आणि तो दाखवायला त्यांना आवडायचं. "हा पाह्य," ते म्हणायचे, "हा अनार मीनं उन्हात वाळवला होता."

दिवाळीचे अनार वेगळे आणि लग्नाचे वेगळे. लग्नाचे मोठे असत आणि ते मामा स्वतः भरायचा, मग त्याला ते येवो न येवो. अनार किती वर गेला यावर बायांचं बारीक लक्ष. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात तिच्या मामाचा अनार गुडघ्याइतका गेला आणि फुस्स करून बसला. तेव्हा आमची एक मावशी साऱ्या वऱ्हाडासमोर म्हणाली, "मामानं दारू भरली का चहापत्ती वं?" तो मामा त्या दिवशी पंगतीला बसला नाही. माझ्या लग्नात मात्र माझ्या मामाचे अनार पडवीच्या वाशाला लागतात की काय इतके वर गेले. माझे यजमान दचकून मागे सरले ते थेट त्यांच्या वडिलांच्या पायावर. सासरे अकोल्याचे, त्यांना ही चाल माहीतच नव्हती. ते रागाने म्हणाले, "अहो, हे स्वागत आहे की हाकलून देणं?"

मी लग्न होऊन अकोल्याला आले आणि दिवाळी बदलत गेली, ती मी अकोल्यातूनच पाहिली. आधी कागदाचे अनार आले. ते बरे होते, तोल जायचा नाही. मग खोक्यातली ती लांबलचक आतषबाजी आली. एक वात पेटवायची, लांब पळायचं, आणि मग मान मोडेपर्यंत वर पाहत राहायचं. ते पाहताना मला नेहमी वाटतं की हे गल्लीतल्या सगळ्यांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. आता आमच्या कॉलनीत एकाने विजेवर चालणारी फटाक्यांची माळ आणली आहे. लाल दिवे लुकलुकतात आणि डब्यातून तडतड आवाज येतो. धूर नाही, कचरा नाही. त्याच्या घरी दम्याची म्हातारी आहे, त्यामुळे मी हसत नाही. मी विद्यार्थ्यांची मेस चालवते. आगीशी माझं रोजचं काम आहे, आणि दिवाळीच्या सकाळी मेससमोरचा कचरा मीच झाडते. लक्ष्मी बॉम्ब गेले तर मला काडीचं दुःख नाही.

अंजनगावातही घरोघरचे अनार बंद झाले. कुंभार कुंड्या करायला लागला. नर्सरीवाले कुंड्या बारा महिने उचलतात, अनार कोण उचलणार? बाबा गेल्यावर माझ्या थोरल्या भावाने दिवाळीचे अनार सोडून दिले. लग्नाचे मात्र सोडले नाहीत. नात्यात कुठे लग्न निघालं की तिथल्या मामाला हा भरून द्यायचा. "पेटवाचं तुह्या हातानं, भराचं माह्या हातानं," असा त्याचा हिशेब.

स्वतःसाठी त्याने कधी भरले नव्हते, कारण वेळच आली नव्हती. त्याला दोन्ही मुलगे. बहीण मी एकटी, आणि मला एकच मुलगी. म्हणजे मामा म्हणून दारात उभं राहायची त्याला जन्मात एकच वेळ येणार होती. हे तो बोलून दाखवायचा नाही. पण माझी मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून त्याच्या माळ्यावर दोन कोरे अनार गुंडाळून ठेवलेले आहेत, हे मला वहिनीकडून माहीत होतं.

मुलीचं ठरलं. मुलगा अकोल्याचाच, दोघं गावातच नोकरीला, वेगवेगळ्या ठिकाणी. लग्न लॉनवर, तुळशीचं लग्न झाल्यावरच्या पहिल्याच तारखांत, संध्याकाळचं. मुलाकडच्यांनी आणि माझ्या मुलीने मिळून 'एंट्री' ठरवली. फाटकातून आत आलं की दोन्ही बाजूंना काळ्या पेट्या, आणि त्यांतून पांढऱ्या ठिणग्यांचे फवारे. त्याला कोल्ड पायरो म्हणतात. मी भावाला फोनवर सांगितलं.

"कोल्ड म्हंजे?"

"थंड. हात घातला तरी भाजत नाही."

"थंडी आग?" तो म्हणाला. "अन् मंग नवरदेव थांबन काहून? भाजतच नसन तं तो चालत येईन ना सरळ."

मी लॉनच्या व्यवस्थापकाला भेटले. तो म्हणाला, "ताई, फाटकाच्या आत आग नाही. आमच्या झालरी भुर्रकन पेटतात. बाहेर रस्त्याच्या कडेला काय करायचं ते करा." मग मी तोडगा काढला. फाटकाबाहेर मामाचे अनार, आत मुलांची मशिनं. मुलगी लगेच हो म्हणाली. भाऊही हो म्हणाला, पण वर म्हणाला, "बाहेरचं आधी." मी म्हटलं, बाहेरचं आधीच येतं, आत यायचं असेल तर.

लग्नाची सगळी फुलं त्याच्याच मळ्यातली. ती टेम्पोत भरून तो आणि वहिनी सकाळी अंजनगावहून निघाले, दर्यापूरमार्गे. फुलांच्या करंड्या कशा भरतात ते सांगायला हवं. खाली ओला बारदाना, त्यावर फुलं, वर पुन्हा ओलं कापड. आणि वाटेत जिथे गाडी थांबेल तिथे मगाने पाणी मारायचं. ऊन असो, नसो. फुलवाल्याच्या हाताला ती सवयच असते. गाडी थांबली की हात पाण्याकडे जातो.

माळ्यावरचे ते दोन अनार भरून त्याने वेगळ्या करंडीत ठेवले होते. फुटू नयेत म्हणून खाली-वर कोरडं तणस, वरून धोतराचं फडकं. करंडी मात्र फुलांसारखीच, आणि ठेवलेली फुलांच्याच रांगेत.

दुपारी टेम्पो लॉनवर आला. मी तेव्हा आचाऱ्याशी भांडत होते, कारण त्याने वांग्याच्या भाजीत साखर घातली होती. पाहते तर भाऊ मांडवाच्या मागच्या खोलीत करंडीसमोर उकिडवा बसलेला. फडकं बाजूला. तणस काळं पडलेलं. त्याच्या हातात एक अनार होता आणि बुडाची चिकणमाती त्याच्या अंगठ्याखाली मेणासारखी दबत होती.

"ओले झाले," तो म्हणाला.

"कसे?"

"डायवरनं पानी मारलं असन. त्याले काय अक्कल हाय? समद्याईवर मारत गेला असन."

ड्रायव्हर दारातच चहा पीत होता. "म्या गाडीतून पायच खाली ठेवला नाही, भाऊसाहेब," तो म्हणाला.

"मंग कोनी मारलं? भूतानं?" भाऊ वहिनीकडे वळला. "तू होती मागं."

वहिनी तोरणाला दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही. "तुमीच तं मारलं ना. दर्यापूरले. मले म्हणले, चहा होईपर्यंत एक चक्कर मारून येतो. पान्याचा मग घेतला अन् सारी गाडी फिरले. मी म्हणलंबी, त्या कोपऱ्यातलीले नका मारू. तं तुमी म्हणले, मले शिकवू नको."

भाऊ अनार हातात धरून तसाच बसला. त्याला आठवलं असावं. आपलाच हात, आपलाच मग.

मग सगळेच मदतीला धावले. माझ्या नणंदेचा मुलगा चांगला तीस वर्षांचा, इंजिनियर. तो मेकअपच्या खोलीतून केस वाळवायचं यंत्र घेऊन आला. "मामी, यानं दहा मिनिटांत होऊन जाईल." एक काकू म्हणाल्या, भटारखान्यात चुलीजवळ ठेवा. भावाचा थोरला मुलगा म्हणाला, गच्चीवर अजून ऊन आहे. आणि भाऊ, ज्याला बाबांचा तो तळहात माझ्याइतकाच पाठ होता, तो म्हणाला, "गच्चीवर ठेवून पाहू थोडे. दोनापैकी एखांदा तं लागन."

मी केसांचं यंत्र आधी काढून घेतलं. मग भावाला म्हणाले, "भाऊ, तुला माहीत आहे."

"काय माहीत हाय?"

"ते मी तुला सांगायचं?"

"बाई, एकच वेळ हाय माही."

"म्हणूनच. फुटला तर तुझा हात आणि माझा जावई. दोन्ही मला पाहिजेत."

मी मेसमधून भात शिजवायचा मोठा गंज आणला होता. तो नळाखाली अर्धा भरला आणि दोन्ही अनार भावाच्या हातातून घेऊन त्यात सोडले. त्याने अडवलं नाही. बुडबुडे आले. पाणी आधी करडं झालं, मग काळं. लिंपलेली माती सुटली, आत ठासलेलं सगळं खाली बसलं. आम्ही दोघं ते पाहत उभे होतो. मला वाईट वाटलं. पण हातचं काम टाकून वाईट वाटून घ्यायला त्या दिवशी वेळ नव्हता, आणि वऱ्हाड दिवेलागणीला येणार होतं.

त्यानंतर भाऊ कामाला लागला. कमानीवर झेंडूची तोरणं चढवली, स्टेजच्या पायऱ्यांवर शेवंती मांडली, लॉनवाल्याच्या माणसाला शिडी नीट धरत नाहीस म्हणून झापलं. पाहणाऱ्याला वाटलं असतं, सगळं ठीक आहे. वहिनी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, हे दारात येत नाही म्हणून राहिले. म्हणते, मी रिकाम्या हातानं काय पोस्टाच्या पेटीसारखा उभा राहू?"

"मग कोण घेणार नवरदेवाला आत?"

"ते म्हणते, मशीन घेईन."

आता हे माझ्या डोक्यावर आलं. मामा दारात नाही म्हटल्यावर आमच्याकडच्या बाया काय काय बोलल्या असत्या ते मला ऐकू येऊ लागलं. पण ते सोडा. बायांचं बोलणं मी ऐकून घेतलं असतं. आपली एकुलती भाची सासरी निघाली आणि आपण मांडवामागे दोरे कापत बसलो, हे त्याला जन्मभर पुरलं असतं. समजूत घालून तो ऐकणारा नाही, हे मला माहीत होतं. त्याच्या हातात काहीतरी देणं भाग होतं.

मी मशीनवाल्याकडे गेले. चाळिशीचा, पोट सुटलेला, कमरेला टेप आणि स्क्रूड्रायव्हर लावलेला माणूस. तो फाटकाच्या आत दोन्ही पेट्या मांडत होता. मी विचारलं, "रिमोट माझ्या भावाकडे द्याल का? नवरदेव आला की तोच दाबेल. मामा आहे मुलीचा."

"देतो की, ताई. पण मी सांगीन तेव्हाच दाबायचं. आधी गरम व्हावं लागते मशीन. अन् नवरदेव लाल पट्टीच्या मागं पाहिजे."

भावाला हाक मारली. तो आला, पेटीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे? हे तं खेळणं हाय."

"काका, खेळणं नाही. खेळण्याचं भाडं एवढं नसते," मशीनवाला म्हणाला, आणि त्याने चाचणीला एक बटण दाबलं. पेटीतून सरसर करत पांढरा फवारा उठला. भाऊ मागे सरला नाही. उलट जवळ गेला.

"काका, तोंडाशी नका घालू हात. वरून घाला, वरून."

भावाने वरून तळहात धरला. ठिणग्या त्याच्या बोटांवर पडून खाली गेल्या. त्याने हात उलटा केला, पाहिला, वास घेतला. "वास कायचाच नाही."

"नाहीच येत."

"आत काय भरता?"

"पावडर येते पाकिटातून. धातूचा कीस असते बारीक."

"लोखंड?"

"नाही, दुसरं काही असते. मी विकत आणतो, मला बी पक्कं नाही माहीत."

"अन् कोळसा?"

"कोळसा कायले लागते याले?"

भावाने पेटीचं झाकण उघडायला लावलं. आत करड्या रंगाचा रवा होता. त्याने चिमूटभर घेऊन बोटांत चोळला, जसा लोहाराकडचा कीस चोळायचा तसा. मशीनवाला म्हणाला, "बंद करू द्या, काका. दमट झाली का जाम होते. मागच्या महिन्यात एका लग्नात रात्रभर उघडी राहिली अन् ऐन वेळी दोनातली एकच चालली. नवरीकडचे मले मारायचे बाकी होते."

"याले बी ओल चालत नाही?"

"बिलकूल नाही चालत."

भाऊ त्याच्याकडे प्रथमच नीट पाहू लागला. "माहे आज ओले झाले," तो म्हणाला.

"काय?"

"अनार. घरी भरलेले. मीनंच पानी मारलं त्याईच्यावर."

मशीनवाला हसला नाही. "होते, काका," तो म्हणाला. "मी एक डाव रिमोटच घरी विसरून गेलतो."

मला वाटलं जमलं. पण दिवेलागणीला ढोल रस्त्याच्या वळणावर वाजायला लागले तेव्हा भाऊ फाटकाजवळ नव्हता. रिमोट मशीनवाल्याच्याच हातात. मी आमच्याकडच्या काही बायांना पुढे करून भावाला शोधायला मागे वळले, तेवढ्यात माझी मुलगी तिच्या खोलीतून बाहेर आली. शालू, मुंडावळ्या, पायात अजून रबरी चप्पल. नवरीने या वेळी बाहेर यायचं नसतं. बाया ओरडल्या. तिने लक्ष दिलं नाही. सरळ मांडवामागच्या खोलीत गेली आणि मी तिच्या मागे.

भाऊ उरलेली फुलं करंडीत भरत होता.

"मामाजी, वरात आली."

"हो बेटा. आवाज येऊन राहिला."

"मग चला ना."

"मी येतो मागून. तुमचं ते मशीन हाय तिथं."

"मशीन माझा मामा आहे का?"

"बेटा, माह्या हातात काही नाही आता."

"मग रिकामे या. मला अनार पाहिजे होते असं कोण म्हणालं? अनार आईला पाहिजे होते. मला तुम्ही पाहिजे दारात." मग ती तिथल्याच खुर्चीवर बसली. शालू चुरगळेल म्हणून मी ओरडले, तरी बसली. "तुम्ही नाही गेले तर मी पण इथंच बसते. तो राहू दे बाहेर उभा. त्याला सवय आहे, तीन वर्षं माझ्या ऑफिसखाली उभा राहिला तो."

ही माहिती मला नवीन होती. ती मी पुढच्या वेळेसाठी ठेवून दिली.

भाऊ उठला. हात धोतराला पुसले, टोपी नीट केली. "तुह्यासारखी हट्टी पोट्टी नाही पाह्यली मी," तो म्हणाला, आणि निघाला.

तो फाटकाशी पोचला तेव्हा वरात समोरच होती. नवरदेव घोड्यावरून उतरून लाल पट्टीशी आलेला. त्याचे मित्र नाचत होते. मशीनवाल्याने भावाच्या हातात रिमोट दिला आणि कानाशी सांगितलं, "मी हात वर केला का दाबा."

त्याने हात वर केला. भावाने दाबलं नाही.

"काका, दाबा!"

भाऊ फाटकाच्या मधोमध उभा राहिला आणि त्याने नवरदेवाला हाताने थांबवलं. मग ढोलवाल्यांकडे पाहिलं. त्यांना वाटलं काहीतरी झालं. एकेक करून ढोल बंद झाले. मित्र थांबले. मुलाचे काका पुढे येऊन म्हणाले, "काय झालं? काही राहिलं का?"

"राह्यलं काही नाही," भाऊ म्हणाला. "मी मुलीचा मामा हाय. आमच्यात मामा आग पेटवते अन् ते विझेपर्यंत नवरदेव बाहेर राह्यते. मंग आत. आग थंडी हाय, पण उभं राहा लागन."

मुलाचे काका हसले. नवरदेव हसला नाही. त्याने दोन्ही पाय जुळवले आणि हात जोडून उभा राहिला. मुलगा चांगला आहे हे मला आधी माहीत होतं. तेव्हा खात्री पटली.

भावाने रिमोट दाबला. दोन्ही पेट्यांतून फवारे उठले, माणसाच्या डोक्याच्याही वर, पांढरे लख्ख, आणि कमानीवरचा सगळा झेंडू त्या उजेडात पिवळ्याचा सोनेरी झाला. आवाज नव्हताच, नुसती सरसर. आमच्याकडच्या बायांत ती चहापत्तीवाली मावशी होती, आता ऐंशीच्या घरातली, खुर्चीवर बसवलेली. ती तिथूनच ओरडली, "मामाचा अनार डोक्यावरून गेला वं माय!" बाया हसल्या. भाऊ मागे न पाहता बटण दाबून उभा राहिला. मशीनवाला "काका, पुरे, पावडर संपन" म्हणत होता, त्याच्याकडेही पाहिलं नाही. मन भरलं तेव्हा बोट काढलं. शेवटच्या ठिणग्या जमिनीला लागून विझल्या. मग त्याने पुढे होऊन नवरदेवाचा हात धरला आणि त्याला लाल पट्टीवरून आत घेतलं.

ओवाळायला मी ताट घेऊन पुढे झाले तेवढ्यात फोटोवाला धावत आला. तो आत स्टेजच्या बाजूला उभा होता. भाऊ मध्येच उभा राहिल्यामुळे त्याच्या कॅमेऱ्यात नवरदेव आलाच नव्हता.

"सर, सर, एक मिनिट. एंट्री परत घेऊ. नवरदेव, तुम्ही परत बाहेर जा. मशीन पुन्हा चालू करा. मामा, तुम्ही थोडे बाजूला."

नवरदेवाचे मित्र "वन्स मोअर" म्हणून ओरडायला लागले. नवरदेव बिचारा वळायला लागला. भावाने त्याचा हात सोडला नाही.

"कुठी चालले?"

"मामाजी, ते फोटोसाठी…"

"आत आले ना तुमी?"

"हो."

"मंग झालं. हे काय नाटक हाय का दोन डाव करायले?" तो फोटोवाल्याकडे वळला. "मामा एकच डाव घेते आत. आता हा आमचा जावई हाय. त्याले कायले बाहेर काढता तुमी?"

फोटोवाला माझ्याकडे वळला. त्याला वाटलं असेल, ही बाई सगळं चालवते आहे, ही तरी ऐकेल. "मॅडम, अल्बममध्ये एंट्रीच नाही राहणार."

"नाही राहिली तर नाही," मी म्हणाले. "ताट धरा जरा, निरांजन लावते."

भावाने रिमोट सदऱ्याच्या खिशात टाकला आणि वरून बटण लावलं. मशीनवाल्याला तो जेवणं झाल्यावरच परत मिळाला. त्यासाठी त्याला भावाशेजारी पंगतीत बसून आधी सगळं जेवावं लागलं.

अल्बम पुढे घरी आला. एंट्रीच्या पानावर एकच फोटो आहे. त्यात नवरदेव दिसत नाही. दोन पांढरे फवारे आहेत, आणि त्यांच्या मध्ये भावाची पाठ, टोपी आणि कोपरात वाकलेला उजवा हात. मुलीने तो मोठा करून मागवला आणि तिच्या घरी दारासमोरच लावला आहे. पाहुणे विचारतात, हे कोण पाठमोरे? तिला ते सांगायचा कधी कंटाळा येत नाही.